तू कुठली?

तळवड्याच्या आमच्या शाळेत दर जूनला नवी मुले येतात. आईबाप कारखान्यांत नाहीतर सॉफ्टवेअर पार्कात कामाला. कोणी विदर्भातले, कोणी बिहारचे, कोणी थेट आसामचे. यंदा बारीक डोळ्यांच्या एका मुलीला मी पहिल्याच दिवशी विचारले, "बाळ, तू कुठली?"

"इथलीच की, बाई," ती म्हणाली.

वर्ग हसला, मीही हसले. घरी येता येता मात्र ध्यानात आले, की बाकीच्यांना मी नाव विचारले होते, हिला गाव.

पहिली नजर कुठे पडावी हे आपल्या हातात नसते, असे म्हणून मी मनाची समजूत घालू पाहिली. पण ती नजर आता मोजता येते. डोळ्यांवर न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकून, त्याची चमक कॅमेऱ्याने टिपतात. पूर्वी हे काम अवघड होते. यार्बुस या रशियन शास्त्रज्ञाने डोळ्यालाच उपकरण चिकटवून प्रयोग केले. 1965 साली त्याचे पुस्तक निघाले. माणूस तोच, समोरचे चित्रही तेच, पण "यांची वये काय?" असे विचारले की त्याची नजर चेहऱ्यांवर जाई, "घरची परिस्थिती कशी?" म्हटले की कपड्यांवर आणि सामानावर. म्हणजे डोळ्याच्या आधी प्रश्न! 2008 सालच्या एका प्रयोगात तर पाश्चात्त्य माणसे डोळे आणि तोंड न्याहाळत, पूर्व आशियातली नाकाभोवती पाहत. समोरचा चेहरा कोणत्याही वंशाचा असो. सवय बघणाऱ्याची.

इरावतीबाई कर्वे बर्लिनला शिकायला गेल्या, तेव्हा त्यांच्यापुढेही असा प्रश्न आधीच मांडून ठेवलेला होता. कवटीच्या डाव्याउजव्या बाजूंतल्या फरकाचा वंशाशी संबंध असावा, हा त्यांचे गुरू युजेन फिशर यांचा कयास. बाईंनी 149 कवट्या मोजल्या. संबंध आढळला नाही, आणि त्यांनी तसे लिहिले. परक्या देशात, गुरूच्या मताविरुद्ध! पुढे महाराष्ट्रात त्यांनीही जातीजातींची माणसे मोजलीच, हेही सांगितले पाहिजे.

माझ्या कादंबऱ्या मी काढून पाहिल्या. नायिका गोरी, मोलकरीण सावळी. तसे लिहायला मला कोणी सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला नाव विचारले. तिने सांगितले, आणि लगेच म्हणाली, "बाई, तुम्ही कुठल्या?"

"जुन्नरकडची," मी म्हटले.

"म्हणजे बाहेरच्या," ती म्हणाली, आणि पाटी पुसू लागली.