अत्तर आणि मागचा जिना

सौंदर्यशास्त्राची पुस्तकं घर डोळ्यानं बघतात. कमान, खांब, नक्षी. नाकाचा पत्ता नाही. खरं तर घर आधी नाकाला कळतं. डोळे बांधलेला माणूसही सांगेल, हे देऊळ, हा दवाखाना, ही मुतारी. म्हणून दोस्तांनो, सरळ विचारू या : भिंत आणि अत्तर मिळून काम काय करतात?

दोघंही हद्द आखतात. भिंत दगडाची हद्द, अत्तर हवेची. अस्पृश्यांची वस्ती गावाबाहेर आणि तीही दक्षिणेला, कारण ती दिशा अशुभ, हा गावाचा नियम बाबासाहेबांनी नोंदवून ठेवलाय. तो नकाशा कुणा इंजिनेरानं काढला नव्हता, तरी खेड्याखेड्यानं गिरवला.

शहरानं वेगळं काय केलं? मुंबईत जुन्या इमारतींच्या मधे हाऊसगल्ली ठेवली. मैल्याची टोपली तिथून जायची. बड्यांच्या इमारतींना मागून लोखंडी गोल जिना आला. सफाईचा माणूस त्या जिन्यानं चढायचा, संडास धुवून उतरायचा. दिवाणखान्यात अत्तर लावून बसलेल्या पाहुण्याला तो दिसायचाच नाही. नकाशात जात लिहिलेली नव्हती. जिना काढलेला होता. तेवढ्यानं भागलं.

मग अत्तर वाईट का? काही दोस्त म्हणतात, सुगंध ही वरच्यांची चैन, आपण घामाचंच गाणं गाऊ. मला पटत नाही. पाळी संपली की कामगार पहिल्यांदा साबण शोधतो, हे मी रोज बघतो. दुर्गंधीचा दागिना करणं म्हणजे ती लादणाऱ्याला माफ करणं.

श्रावस्तीच्या जेतवनात बुद्ध राहायचे त्या वास्तूचं नाव गंधकुटी. लोक फुलं आणायचे, त्या वासावरून हे नाव पडलं. अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यातल्या पाचव्या शतकातल्या शिलालेखातही गंधकुटी आहे. अभ्यासक म्हणतात, ती १९ वं लेणं. म्हंजे सुगंधाचं नाव लागलेली वास्तू आपल्याच परंपरेत आहे.

पण फुलं सुकतात. सुकलेली फुलं उचलणार कोण? थेरगाथेत सुनीत थेर आहे. हलक्या मानलेल्या कुळातला, सुकलेली फुलं काढून टाकणं हेच त्याचं काम. बुद्धानं त्याच्यासाठी मागचा जिना बांधला नाही. त्याला भिक्खुसंघात घेतलं.

माझ्या लेखी सुगंधाची कसोटी हीच. फुलं कुणी वाहिली हे विचारू नका, निर्माल्य कोण उचलतो ते विचारा. हातानं मैला उचलण्याविरुद्ध १९९३ आणि २०१३ साली कायदे झाले, तरी गटारात उतरलेली माणसं गुदमरून मरतात. वर लॉबीत अत्तर दरवळत असतं.

तुमच्यातला कुणी उद्या आर्किटेक्ट होईल. त्यानं दिवाणखाना नंतर आखावा. आधी संडास, मोरी, गटार आखावं आणि विचारावं : हे साफ करायला माणसाला आत उतरावं लागेल का? लागत असेल तर नकाशा फाडावा. नसेल, तर दाराशी खुशाल मोगरा लावावा.