दारात बसलेली

रोममध्ये एका दिवसात काय काय पाहून होईल, याचा हिशेब आम्ही कुटुंबीयांनी आदल्या रात्रीच मांडून ठेवला होता. २०२५ हे ज्युबिली वर्ष. सकाळी संत पेत्राच्या महामंदिरातील पवित्र द्वारातून प्रवेश, मग 'पिएता', दुपारी त्रेवीचे कारंजे, पँथिऑन, आणि पायांत त्राण उरलेच तर संत अगस्तीनचे चर्च. ठरल्याप्रमाणे सारे पाहून झाले. तरीही त्या दिवसाचा हिशेब अद्याप जुळत नाही.

'पिएता' आम्ही दुरूनच पाहिली. १९७२ साली एका माथेफिरूने तिच्यावर हातोड्याचे घाव घातले. तेव्हापासून ती माउली आपल्या मृत पुत्राला मांडीवर घेऊन काचेआड बसली आहे. मागून गर्दी लोटत होती. छायाचित्र घेतले आणि पुढे सरकलो.

त्रेवीच्या कारंज्यापाशी मुलांनी रिवाजाप्रमाणे पाठमोरे उभे राहून, उजव्या हाताने डाव्या खांद्यावरून नाणी टाकली. ही नाणी गोळा करून 'कॅरितास' या ख्रिस्तसभेच्या सेवासंस्थेमार्फत रोममधील गोरगरिबांसाठी वापरली जातात, हे कळल्यावर आम्हांला फार बरे वाटले. गंमतही झाली आणि दानही घडले! इतक्या स्वस्तात मिळालेल्या पुण्याकडे जरा संशयाने पाहावे, हे तेव्हा सुचले नाही.

संध्याकाळी संत अगस्तीनच्या चर्चच्या पायऱ्या चढलो. दाराशी एक वृद्धा बसली होती. पुढ्यात कागदी पेला. परदेशात अशा ठिकाणी सावध राहावे, हा सल्ला निघण्यापूर्वी अनेकांनी दिला होता. आम्ही पाकीट सांभाळत, मुलांना जवळ ओढत आत शिरलो.

आत डाव्या हाताच्या पहिल्याच चॅपलमध्ये कॅराव्हाज्जोने रंगविलेली लोरेतोची माता आहे. पवित्र मरिया बाळ येशूला कडेवर घेऊन, अनवाणी पायांनी, आपल्या घराच्या उंबरठ्यावर उभी आहे. समोर दोन दरिद्री यात्रिक गुडघे टेकून बसले आहेत. पुरुषाचे मळके, चिखलाने माखलेले तळवे थेट पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येतात. म्हातारीच्या डोक्यावरचे फडके फाटके आहे. हे चित्र वेदीवर चढले तेव्हा लोकांनी त्यावर मोठा गलका केला, असे चित्रकाराच्या समकालीन चरित्रकाराने, बाल्योनेने, लिहून ठेवले आहे. त्याचा ग्रंथ १६४२ साली छापला गेला.

चॅपलमध्ये अंधार होता. पेटीत नाणे टाकले की थोडा वेळ दिवा लागतो. आम्ही एकामागून एक तीन नाणी टाकली. दिवा तिसऱ्यांदा विझला तेव्हा धाकटीने विचारले, "चित्रातल्या आजीचं आणि बाहेरच्या आजीचं डोक्याचं फडकं सारखंच आहे ना?" आणि लगेच, "मग तिला आपण का नाही दिलं?"

सुट्टे संपले, असे आम्ही सांगितले. ते खरेही होते.

चौथ्या शतकातील संत योहान ख्रिसोस्तोम यांनी आपल्या एका प्रवचनात बजावले होते की, मंदिरात ख्रिस्ताला रेशमी वस्त्रांनी सजवावे आणि बाहेर थंडीने कुडकुडणाऱ्या ख्रिस्ताकडे पाठ फिरवावी, हे योग्य नव्हे. पण म्हणून त्या दिव्यासाठी टाकलेली नाणी वाया गेली, असे म्हणण्यासही आमचे मन धजत नाही. बेथानीत प्रभूच्या चरणी ओतलेले सुगंधी तेल विकून गरिबांना का दिले नाही, हा प्रश्न यहूदानेही विचारला होता. शिवाय त्या दिव्याखेरीज मुलीला ते फडके दिसले तरी असते काय? प्रत्येक पसरलेल्या हातावर काही ठेवणे कोणालाच शक्य नाही, आणि संस्थेमार्फत दिलेले दान अधिक नीट पोहोचते, हेही आम्ही मानतो. हे सारे युक्तिवाद आम्ही त्याच चॅपलमध्ये मनाशी करून पाहिले. एकही खोटा नव्हता, पण मुलीच्या प्रश्नाला त्यांतल्या एकानेही उत्तर मिळाले नाही.

बाहेर पडताना ती वृद्धा तेथेच होती. आम्ही पाच युरोंची नोट तिच्या पेल्यात घातली आणि झपाझप पायऱ्या उतरलो. टाकलेल्या नाण्यांपेक्षा ती रक्कम मोठी होती, याचे समाधान पुढच्या चौकापर्यंत पुरले.

संत लूकच्या शुभवर्तमानातील श्रीमंत मनुष्य अधोलोकातून वर पाहतो तेव्हा लाझरसला नावाने ओळखतो. म्हणजे दाराशी पडून असलेल्या त्या माणसाला त्याने निदान पाहिलेले तरी होते. त्या रात्री जेवताना आम्ही एकमेकांना विचारले, ती बाई दिसायला कशी होती? फडक्यापलीकडे आम्हां मोठ्यांपैकी कोणालाच काही सांगता येईना. थोरल्या मुलाने फोनमधील छायाचित्रे चाळली. चर्चच्या दर्शनी भागाची पाच होती, पण तिला वगळूनच ती घेतलेली होती.

"तिचा पुढचा एक दात नव्हता," धाकटी म्हणाली. "आपण आत जाताना ती माझ्याकडे बघून हसली होती."