संन्यासाला शेजार हवा

इ.स. ३६८-६९च्या सुमारास कॅपाडोशियात, म्हणजे आजच्या मध्य तुर्कस्तानात, भीषण दुष्काळ पडला. समुद्र दूर असल्यामुळे बाहेरून धान्य आणणं जिकिरीचं होतं. ज्यांची कोठारं भरलेली होती, ते भाव आणखी चढण्याची वाट पाहत होते. याच काळातलं मानलं जाणारं सिझेरियाच्या एका धर्मगुरूचं प्रवचन आजही वाचायला मिळतं. त्यात एक बाप आहे. घरात दाणा नाही, पोटचं पोर विकण्यावाचून मार्ग नाही. कोणतं विकायचं? थोरल्याचा मान आडवा येतो, धाकट्याची दया येते. एकाच्या चेहऱ्यात आईबाप दिसतात, दुसरा अभ्यासात हुशार. एकालाही विकलं नाही तर सगळीच उपाशी मरणार. एकाला विकलं तर उरलेल्यांच्या नजरेला नजर कशी द्यायची? अखेर तो रडत बाजारात जातो, आणि समोरचा धान्यवाला किमतीसाठी घासाघीस करतो.

हा धर्मगुरू म्हणजे बेसिल. त्याने धनिकांची कोठारं उघडायला लावली, भुकेल्यांना एकत्र आणलं, डाळीच्या सूपचे हंडे चढवले आणि स्वतः वाढायला उभा राहिला. पुढे ३७० साली तो सिझेरियाचा बिशप झाला.

ख्रिस्ताचं देवत्व पूर्ण नाही असं मानणाऱ्या सम्राट व्हॅलेन्ससमोर तो झुकला नाही, म्हणून इतिहास त्याला ओळखतो. ते धैर्य मोठंच. पण मला त्याचं खरं कर्तृत्व दुसरीकडे दिसतं. अथेन्समध्ये शिकलेला हा श्रीमंत घरातला तरुण वैराग्याच्या ओढीने इजिप्त, पॅलेस्टाइन आणि सीरियातले तपस्वी पाहून आला. देहदंडाचा त्याला आदर वाटला. तरीही मठवासीयांसाठी नियम सांगताना त्याने एकांतवासाला थेट प्रश्न विचारला: एकटा राहणारा माणूस पाय धुणार कोणाचे? सेवा करणार कोणाची? आपली चूक त्याला दाखवणार कोण? प्रेमाची आज्ञा पाळायची तर समोर माणूस हवा, हा त्याचा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो. संन्यास म्हणजे माणसांपासून सुटका, ही समजूतच त्याने खोडून काढली.

त्यातूनच सिझेरियाच्या वेशीबाहेर गरीब, आजारी आणि वाटसरूंसाठी मोठी वसाहत उभी राहिली. वैद्य, परिचारक, कारागीर, ओझ्याची जनावरं अशी सगळी सोय तिथे होती. ज्यांना घरच्यांनीही हाकललं होतं, त्या कुष्ठरोग्यांना बेसिल स्वतः जवळ घेई. प्रांताधिकाऱ्याकडे तक्रारी गेल्या, तेव्हा यात राज्याचं काय बिघडतं, असा सवाल त्याने पत्रातून केला.

संघटना उभारणाऱ्याचा कठोरपणाही त्याच्यात होता. धर्मप्रांतांच्या भांडणात आपली बाजू बळकट करण्यासाठी त्याने जिवलग मित्र ग्रेगरी याला सासिमा नावाच्या धुळकट चौकीगावाचा बिशप केलं, तेही त्याच्या मनाविरुद्ध. ग्रेगरीला ही जखम जन्मभर सलत राहिली. मला यात बेसिलचा बचाव करता येत नाही.

त्याहून मोठा अन्याय मात्र त्याच्या बहिणीवर झाला आहे. बेसिल अथेन्सहून विद्येच्या ताठ्यात परतला, तेव्हा त्याला साध्या जीवनाकडे वळवलं ते या थोरल्या बहिणीने, मॅक्रिनाने. पाँटसमधल्या ॲनिसाच्या घरात तिने आईला राजी करून दासींना बरोबरीने वागवायला सुरुवात केली होती: एक पंगत, एकसारखं अंथरूण. दुष्काळात रस्त्यावर टाकलेल्या मुली तिने उचलून आणल्या, वाढवल्या. धाकटा भाऊ पीटर याने तिथे धान्याची अशी सोय केली, की त्या निर्जन जागी माणसांची रीघ लागली. म्हणजे बेसिलने नियमांत मांडलं, ते या घरात रोज घडत होतं. हे आपल्याला कळतं ते दुसरा भाऊ, निसाचा ग्रेगरी, याने लिहिलेल्या तिच्या चरित्रामुळे. बेसिलची तीनशेहून अधिक पत्रं आज उपलब्ध आहेत. त्यांत तिचं नाव एकदाही येत नाही.

पूर्वेकडच्या ख्रिस्ती मठांत आजही बेसिलचे नियम प्रमाण मानले जातात. त्या परंपरेचा इतिहास लिहिणाऱ्यांनी पहिलं प्रकरण मॅक्रिनाला द्यायला हवं.