कॅमेरा समोरच्याला दिसतो तेव्हा

फोन असूनही मी रिकोचा जीआर थ्री खिशात ठेवतो. 2019 चं मॉडेल, वजन 257 ग्रॅम. झूम नाही, लेन्स रुंद. चेहरा टिपायचा तर जवळ जावंच लागतं. फोन धरलेला माणूस मेसेज वाचतोय की फोटो काढतोय, कळत नाही. कॅमेरा उचलला की कळतं. भाजीवाल्या मावशी हातानेच ‘नको’ म्हणू शकतात.

पण याच कॅमेऱ्याचं शटर जेमतेम ऐकू येतं. लोकांना नकळत टिपता येतं म्हणूनही तो अनेकांना आवडतो. म्हणजे सभ्यपणा यंत्रासोबत विकत मिळत नाही. यंत्र मला फक्त जवळ नेतं. तिथे पोचल्यावर समोरच्याला नकार द्यायला दोन सेकंद द्यायचे की नाही, हे मलाच ठरवावं लागतं.