२७० रुपयांचा हंगाम

न्यू टाउन, कोलकाता
२ डिसेंबर

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

इथे थंडीची नुसती चाहूल आहे. नोलेन गुडाचे संदेश दुकानांत आले, म्हणजे बंगाल्यांच्या लेखी हिवाळा लागला.

तुझी मेल वाचली. ‘दहा सामने, नऊ हारलो. पुढच्या वर्षी नाव देत नाही.’ बस्स, एवढंच. तुझी आई म्हणते, बाबा, त्याची समजूत घाला. पण मला तुमचा अमेरिकन फुटबॉल कुठे कळतो? चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकायचं, म्हणजे जेमतेम तीस फूट. नाही जमलं तर चेंडू समोरच्यांच्या हवाली. शिवाय तुमच्या कॉलेज-स्पर्धांच्या तिसऱ्या विभागात खेळासाठी शिष्यवृत्तीही नसते, हे तूच सांगितलेलं. म्हणजे पहाटे पाचला कुडकुडत उठतोस ते पदरचं खाऊन.

तू इथे विसरून गेलेला तो लांबट चेंडू कपाटावर पडून होता. रविवारी हवा भरून खाली नेला. कॉम्प्लेक्समधल्या एका पोराने सवयीने लाथ हाणली. पहिला टप्पा सरळ पडला, दुसऱ्या टप्प्याला चेंडू काटकोनात वळला आणि वॉचमनच्या खुर्चीखाली जाऊन बसला. ‘दादू, बॉलटा बाँका!’ पोरं हसून लोळली.

असा वाकडा चेंडू या शहरात नवा नाही. २५ डिसेंबर १८७२ला इथे रग्बीचा सामना झाला. एकीकडे इंग्लंडचे वीस, दुसरीकडे स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्सचे मिळून वीस. पुढच्याच महिन्यात क्लब निघाला. तुमचा खेळ रग्बीच्याच पोटचा, तेव्हा ही तुझ्या घराण्यातलीच गोष्ट. क्लब जेमतेम पाच वर्षं चालला. इथली हवा या खेळाला मानवेना; सभासदांना फुकट मिळणारी दारू बंद झाली आणि मंडळी पांगली. उरलेली पोलो-टेनिसने ओढून नेली.

बंद पडलेल्या मंडळाच्या शिलकीचं काय होतं, ते मला विचार. आमच्या गल्लीतलं क्रीडामंडळ मोडलं तेव्हा उरलेल्या वर्गणीची मिसळ झाली. हिशेबाची वही नंतर कुणालाच सापडली नाही. मी स्वतः दोन प्लेटी हाणल्या होत्या.

या रग्बीवाल्या मंडळींनी मात्र बँकेतून चांदीचे २७० रुपये काढले, वितळवले आणि चषक घडवून घेतला. नागाच्या आकाराच्या तीन मुठी, झाकणावर हत्ती. तो त्यांनी इंग्लंडच्या रग्बी युनियनला दिला. १८७९पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड त्यासाठी झुंजतात. नाव अजून ‘कलकत्ता कप’च. त्या क्लबने किती सामने जिंकले, हे आज कोण विचारतं?

तुझ्या तिकडचंच सांगतो. मिनेसोटातल्या मॅकालेस्टर या लहानशा कॉलेजचा फुटबॉल संघ १९७४ ते १९८० या काळात ओळीने ५० सामने हारला. त्यात एखादा असाही असेल, जो एकही विजय न पाहता पदवी घेऊन घरी गेला. १९८०मध्ये अखेर संघ जिंकला, तेव्हा तो मैदानावर नव्हता. पण त्याच्यासारख्यांनी मधेच गाशा गुंडाळला असता, तर त्या दिवशी उतरायला संघच नसता.

तेव्हा खेळायचं नसेल तर नको खेळूस. मी तुझ्या आईला सांगेन. फक्त शिल्लक घेऊन पळू नकोस. डोकं वर ठेवून कसं भिडायचं, पडताना अंग कसं सोडायचं, हे तुला कुणीतरी शिकवलं ना? ते पुढच्या वर्षीच्या नव्या पोराच्या हाती दे, आणि मग खुशाल बाहेर पड.

आणि हो, चेंडू मी परत कपाटावर ठेवलेला नाही. वॉचमनकडे असतो. पोरं रोज संध्याकाळी मागून नेतात. लाथ मारणं सुटलं. आता छातीशी धरून पळतात. नियम एकालाही ठाऊक नाहीत. जूनमध्ये येशील तेव्हा त्यांना सांग.

तुझा,
आजोबा