मातीत मुरणारा कोळसा

ॲमेझॉनच्या खोऱ्यातली बहुतेक जमीन आम्लधर्मी आणि निःसत्त्व. पण नदीकाठच्या जुन्या वस्त्यांच्या जागी काळी, कसदार माती लागते. तिला 'तेरा प्रेता' म्हणतात. डच मृदाशास्त्रज्ञ विम सोम्ब्रुक यांनी १९६६ मध्ये तिच्याकडे जगाचं लक्ष वेधलं. कोलंबसाच्या कितीतरी आधी तिथल्या माणसांनी कोळसा, हाडं, खापरं, खरकटं पिढ्यान्‌पिढ्या जमिनीत घातलं होतं. तो कोळसा अजून टिकून आहे. बायोचार, म्हणजे काडीकचऱ्यापासून करून जमिनीत घालायचा कोळसा; त्याच्या बाजूने आज दिला जाणारा सगळ्यात मोठा पुरावा हाच.

इथेच मला एक गफलत दिसते. आपण दाखला म्हाताऱ्या कोळशाचा देतो आणि शेतात पारखतो मात्र ताजा कोळसा. दोघांची प्रकृती वेगळी आहे.

ताज्या बायोचारमधली राख जमिनीचं आम्ल मारते. काही पावसाळ्यांत ती धुऊन जाते आणि सामू (pH) पुन्हा उतरू लागतो. त्याच काळात प्राणवायू आणि जिवाणू कोळशाच्या पृष्ठभागावर काम करत असतात. तिथे कार्बोक्सिल गट तयार होतात, ऋणभार येतो, आणि कॅल्शियम, पोटॅशियम, अमोनियम धरून ठेवण्याची ताकद वाढते. म्हणजे एक गुण ओसरताना दुसरा अंगी येतो. छिद्रांमध्ये मात्र चिकणमाती आणि सेंद्रिय पदार्थ बसतात, त्यामुळे कीटकनाशकं शोषण्याची क्षमता घटू शकते.

जड धातूंचं प्रकरण जास्त नाजूक. कॅडमियम केवळ सामू चढल्यामुळे अडलं असेल, तर सामू उतरल्यावर ते सुटू शकतं. दूषित जमीन दोन हंगामांत 'सुधारली' असा शेरा मारणं म्हणूनच धोक्याचं आहे.

जमिनीत कार्बन किती काळ टिकतो, हा हिशेब त्यामानाने भक्कम. २०१६ च्या एका एकत्रित विश्लेषणात बायोचारच्या सुमारे ९७ टक्के भागाचं सरासरी आयुष्य साडेपाचशे वर्षं निघालं. पण हा आकडाही काही वर्षांच्या प्रयोगांवरून पुढे ताणलेला आहे.

विदर्भात पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचा, बायोचार करायचा, तर तिथली काळी जमीन आधीच अल्कधर्मी. राखेचा पहिला फायदा तिच्या कामाचा नाही, आणि पुढचे गुण यायला वेळ लागणार. कार्बन साठवल्याबद्दल मिळणारा कार्बन क्रेडिटचा पैसा मात्र कोळसा गाडला की सुरू होतो. त्यातला ठरावीक वाटा शेतकऱ्यांच्याच बांधावर दहा-पंधरा वर्षं चालणाऱ्या चाचणी-वाफ्यांसाठी राखून ठेवावा, आणि तशी अट करारातच घालावी.