फुकटचा शब्बाथ

कोकणात आपल्या वाडवडिलांना 'शनवार तेली' म्हणत. तेल गाळून पोट भरायचे, तरी शनिवारी घाणा बंद. त्या दिवसाची कमाई बुडे, पण गाव त्यांना त्याच नावाने ओळखे.

पुढे मुंबईत दिवस बदलले. सुट्टी रविवारची. घरात खाणारी तोंडे सात, म्हणून माझे वडील शनिवारीही डबा घेऊन कामावर जात. शुक्रवारी संध्याकाळी आई खोबरेलाचा दिवा लावी, मनुकांच्या शरबतावर किद्दुश होई. वडील दिव्याकडे पाहत गप्प बसत. उद्या जावे लागणार, ही खंत त्यांना जन्मभर लागून राहिली.

इथे इस्राएलात शुक्रवारी दुपारीच दुकाने बंद होतात, बहुतेक गावांत बसही थांबते. शब्बाथसाठी मला काहीच सोडावे लागत नाही. उशिरा उठतो, जेवतो, झोपतो. मग मनात येते, वडिलांनी शब्बाथ मोडला आणि मी पाळला, असे देवाच्या दारी खरेच लिहिले जाईल का?

मला तसे वाटत नाही. वाडवडिलांनी कमाई दिली, वडिलांनी खंत सोसली. मीही काही देणे लागतो. खालच्या मजल्यावर आपल्यातल्या एक आजी एकट्या राहतात. मराठीत बोलायला त्यांना कोणी नाही. शनिवारची दुपारची झोप मोडून मी आता त्यांच्याकडे जाऊन बसतो. पहिल्या दिवशी त्यांनी विचारले, "आज कशी वाट चुकलास, बाबा?" त्याचे उत्तर मला देता आले नाही.